रेघ कोणी ओढली? विज्ञानकथेतील स्त्री, पशू आणि प्रयोगशाळा

‘सस्तन प्राणी’ ही संज्ञा शालेय पाठ्यपुस्तकांमुळे प्रत्येक मराठी वाचकाच्या ओळखीची झालेली असली, तरी ज्या लॅटिन शब्दावरून ती घडवली गेली त्या शब्दाची जन्मकथा मात्र फारशी कोणाला ठाऊक नसते. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियस यांनी १७५८ साली आपल्या ‘सिस्टेमा नॅचुरी’ या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत घोडा, देवमासा, वटवाघूळ, माकड आणि माणूस यांना एकाच वर्गात बसवले आणि त्या वर्गाला ‘मॅमॅलिया’, म्हणजे स्तनधारी, असे नाव दिले. त्यापूर्वी याच वर्गासाठी ‘चतुष्पाद’ या अर्थाचा शब्द रूढ होता. अंगावरचे केस हे लक्षण नर आणि मादी या दोघांमध्येही सारखेच आढळते, तेव्हा त्यावरून नाव देणे सहज शक्य होते. लिनियस यांनी मात्र जे लक्षण फक्त माद्यांमध्ये आणि तेही आयुष्याच्या काही काळापुरतेच कार्यरत असते, तेच संपूर्ण वर्गाची ओळख म्हणून निवडले. त्याच ग्रंथात त्यांनी माणसाच्या जातीला ‘होमो सेपियन्स’, म्हणजे शहाणा मानव, असे नाव दिले.

विज्ञानाच्या इतिहासाच्या अभ्यासक लोंडा शीबिंगर यांनी १९९३ साली या दोन नावांची जोडी उलगडून दाखवली. माणसाला इतर प्राण्यांशी जोडणारा दुवा म्हणून स्त्रीचे शरीर पुढे केले गेले आणि माणसाला इतर प्राण्यांपासून वेगळे काढणारा गुण म्हणून बुद्धी पुढे केली गेली, जी त्या काळच्या समजुतीनुसार प्रामुख्याने पुरुषाची मालमत्ता होती. शीबिंगर यांनी या निवडीचा संबंध त्या काळातील एका सामाजिक वादाशीही जोडला आहे, कारण युरोपातील सुस्थितीतल्या स्त्रिया आपल्या बाळांना दूध पाजण्यासाठी दाया ठेवत असत आणि मातांनी स्वतःच अंगावर पाजावे असा आग्रह धरणारा प्रबंध खुद्द लिनियस यांनी १७५२ साली प्रसिद्ध केला होता. वर्गीकरणाची शास्त्रीय उपयुक्तता यामुळे कमी होत नाही; परंतु प्राणी कोण आणि माणूस कोण हे ठरवणारी रेघ ओढली जात असताना त्याच लेखणीने स्त्रीची जागाही ठरवली जात होती, एवढे यातून स्पष्ट होते.

समाजशास्त्रात ‘लिंगभाव’ ही संज्ञा शरीराच्या जैविक लिंगासाठी वापरली जात नाही; एखाद्या समाजाने स्त्रीत्व आणि पुरुषत्व यांना जे अर्थ, जी कामे आणि जे दर्जे जोडलेले असतात त्यांना मिळून लिंगभाव म्हटले जाते. मानव आणि पशू यांच्यातील सीमा हीसुद्धा केवळ शरीररचनेची सीमा नसून, कोणाला प्रयोगाच्या टेबलावर ठेवता येते आणि त्या टेबलाजवळ कोण उभे राहते, याविषयीची ती एक व्यवस्था आहे. या दोन व्यवस्था एकमेकींत किती घट्ट गुंतलेल्या आहेत हे दाखवण्याचे काम विज्ञानाच्या इतिहासकारांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हाती घेतले, परंतु विज्ञानकथा हे काम त्यांच्या कितीतरी आधीपासून करीत आलेली आहे. ज्यांना प्रयोगशाळेचे दार बंद होते अशा स्त्रियांनी या साहित्यप्रकाराचा उपयोग त्या दारापलीकडे काय चालते हे तपासण्यासाठी केला, आणि म्हणूनच या कथांकडे करमणुकीच्या पलीकडे जाऊन विज्ञानविषयक चिंतन म्हणून पाहणे अगत्याचे ठरते.

अस्वलांची विद्वत्सभा

सतराव्या शतकात रने देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने प्राण्यांचे शरीर हे घड्याळासारखे यंत्र असून विवेकशील आत्मा केवळ माणसाला असतो, असा सिद्धान्त मांडला आणि नव्या प्रयोगनिष्ठ विज्ञानाला जिवंत प्राण्यांवर प्रयोग करण्यासाठी त्यातून एक सोयीस्कर आधार मिळाला. लंडनची रॉयल सोसायटी १६६० साली स्थापन झाली आणि तेथे निर्वात पंपात पक्षी ठेवण्यासारखे प्रयोग सभासदांसमोर होऊ लागले. याच काळात न्यूकॅसलच्या डचेस मार्गारेट कॅव्हेंडिश यांनी १६६६ साली ‘द ब्लेझिंग वर्ल्ड’ ही अद्भुत कादंबरी प्रसिद्ध केली. तिची नायिका उत्तर ध्रुवावरून एका वेगळ्याच जगात पोहोचते, तेथील सम्राज्ञी होते आणि त्या जगातील विद्वानांच्या सभा भरवते. हे विद्वान अर्धे मानव आणि अर्धे पशू आहेत. अस्वलमानव दुर्बिणी आणि सूक्ष्मदर्शक हाताळणारे प्रयोगवादी आहेत, पक्षिमानव खगोलशास्त्रज्ञ आहेत, वानरमानव रसायनविद्या जाणतात, तर कोल्हेमानव राजकारणात निष्णात आहेत.

दुर्बिणीतून दिसणाऱ्या गोष्टींविषयी अस्वलमानवांचेच आपसात पटत नाही, तेव्हा सम्राज्ञी त्यांना त्यांची काचेची उपकरणे फोडून टाकण्याची आज्ञा देते आणि त्यांनी गयावया केल्यावर ती मागे घेते. या प्रसंगामागे रॉबर्ट हूक यांच्या १६६५ सालच्या ‘मायक्रोग्राफिया’ या सूक्ष्मदर्शकावरील ग्रंथाची पार्श्वभूमी आहे. कॅव्हेंडिश यांनी संशोधकाला पशूचे रूप देऊन देकार्तची मांडणी उलटी केली, कारण त्यांच्या जगात ज्ञान मिळवणारा प्राणी आहे आणि त्या ज्ञानाची परीक्षा घेणारी स्त्री आहे. मे १६६७ मध्ये त्या रॉयल सोसायटीच्या सभेला पाहुण्या म्हणून उपस्थित राहिल्या आणि तेथे त्यांना काही प्रयोग दाखवण्यात आले. मात्र त्या संस्थेने स्त्रियांना सभासद म्हणून निवडण्यास १९४५ साल उजाडावे लागले, जेव्हा स्फटिकशास्त्रज्ञ कॅथलीन लॉन्सडेल आणि जीवरसायनशास्त्रज्ञ मार्जरी स्टीफन्सन यांची निवड झाली.

टेबलावरचा देह

मेरी वुलस्टनक्राफ्ट यांनी १७९२ साली स्त्रियांच्या हक्कांचे समर्थन करणारा ग्रंथ लिहिला, तेव्हा थॉमस टेलर नावाच्या विद्वानाने त्याच वर्षी पशूंच्या हक्कांचे समर्थन करणारी एक विडंबनपुस्तिका काढली. स्त्रियांना हक्क द्यायचे असतील तर उद्या जनावरांनाही द्यावे लागतील, आणि ही कल्पना जितकी हास्यास्पद तितकीच पहिलीही, असा त्याचा युक्तिवाद होता. वुलस्टनक्राफ्ट यांची कन्या मेरी शेली यांनी १८१८ साली ‘फ्रँकेनस्टाइन’ ही कादंबरी प्रसिद्ध केली, आणि त्यात जणू टेलरने थट्टेवारी नेलेला प्रश्न पूर्ण गांभीर्याने हाती घेतला. लुइजी गॅल्व्हानी यांनी बेडकांच्या पायांवर विजेचे प्रयोग केले होते, त्यांचे भाचे जिओव्हानी अल्दिनी यांनी १८०३ साली लंडनमध्ये फाशी दिलेल्या गुन्हेगाराच्या प्रेतावर ते करून दाखवले होते, आणि जीव म्हणजे नेमके काय हा प्रश्न त्या काळी चर्चेत होता. व्हिक्टर फ्रँकेनस्टाइन आपल्या निर्मितीसाठी लागणारी सामग्री शवविच्छेदनगृहातून जशी आणतो तशीच कत्तलखान्यातूनही आणतो, हा तपशील चित्रपटांमुळे विस्मरणात गेलेला असला तरी महत्त्वाचा आहे, कारण त्यामुळे त्याने घडवलेला जीव आरंभापासूनच माणूस आणि पशू यांच्या सीमेवर उभा आहे. हा जीव मांस खात नाही, तो रानातली फळे आणि ओकची फळे खाऊन राहतो आणि आपल्या भुकेसाठी कोकराचा जीव घेण्याची आपल्याला गरज नाही असे तो आपल्या निर्मात्याला सांगतो.

या जीवाला स्त्री जोडीदार हवी असते, आणि व्हिक्टर ती घडवायला घेऊन अर्ध्यावर नष्ट करतो. ती नष्ट करण्यामागचे त्याचे विचार बारकाईने वाचले तर त्यात दोन भीती आढळतात: एक तर तिच्यापासून प्रजा वाढेल, आणि दुसरे म्हणजे तीही स्वतः विचार करणारा जीव असेल आणि आपल्या जन्मापूर्वी इतरांनी केलेला करार पाळण्यास ती नकार देईल. निर्मात्याला पुरुषजीवाचे बळ सोसते, परंतु स्त्रीजीवाची प्रजननक्षमता आणि तिची संमती या दोन गोष्टी त्याच्या हिशेबाबाहेरच्या ठरतात.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जिवंत प्राण्यांवरील शस्त्रप्रयोग, ज्याला मराठीत ‘जीवच्छेदन’ म्हणता येईल, हा शरीरक्रियाशास्त्राचा पाया बनला. फ्रान्समध्ये क्लोद बर्नार यांनी १८६५ साली या पद्धतीचे तत्त्वज्ञान मांडले, तर त्यांची पत्नी आणि मुली मात्र जीवच्छेदनाच्या विरोधात उभ्या राहिल्या. ब्रिटनमध्ये फ्रान्सिस पॉवर कॉब या लेखिकेने १८७५ साली जीवच्छेदनाविरुद्ध संस्था उभारली आणि पुढच्याच वर्षी प्राण्यांवरील प्रयोगांना परवान्याच्या चौकटीत आणणारा कायदा संमत झाला. त्याच कॉब यांनी १८७८ साली इंग्लंडमधील पत्नींच्या छळावर निबंध लिहिला आणि मारहाण करणाऱ्या पतीपासून विभक्त होण्याची सोय कायद्यात यावी यासाठी प्रयत्न केले. त्यांच्या दृष्टीने हे दोन वेगळे विषय नव्हते. ज्याच्या वेदनेला न्यायालयात आणि प्रयोगशाळेत साक्ष म्हणून किंमत नाही, अशा देहाचा तो एकच प्रश्न होता.

या पार्श्वभूमीवर एच. जी. वेल्स यांची ‘द आयलंड ऑफ डॉक्टर मोरो’ ही कादंबरी १८९६ साली आली. वेल्स हे उत्क्रांतिवादाचे खंदे पुरस्कर्ते थॉमस हेन्री हक्स्ली यांचे विद्यार्थी होते आणि हक्स्ली हे जीवच्छेदनाची चौकशी करणाऱ्या १८७५ सालच्या शाही आयोगाचे सदस्य होते. इंग्लंडमधून परागंदा व्हावे लागलेला मोरो हा शल्यज्ञ एका निर्जन बेटावर प्राण्यांना कापून आणि जोडून माणसाचा आकार देतो, त्यांना चार पायांवर चालू नये आणि मांस चाखू नये असे नियम पाठ करायला लावतो, आणि तरीही हळूहळू त्यांच्यातला पशू पुन्हा वर येतो. संपूर्ण कादंबरीत मोरो ज्या प्राण्यावर काम करीत असतो तो एक मादी प्यूमा आहे. तिच्या किंकाळ्या निवेदकाला प्रथम पशूच्या वाटतात आणि काही काळाने त्या माणसाच्या वाटू लागतात, आणि अखेर साखळी तोडून मोरोचा जीव घेणारीही तीच असते. वेदनेचा आवाज ऐकून सीमा पुसट होत जाते हे वेल्स यांनी विलक्षण ताकदीने दाखवले. परंतु नियम ढिले पडू लागताच लाज सोडण्यात पुढाकार माद्यांचा होता असे निवेदकाकडून वदवताना त्याच काळातला पूर्वग्रह त्यांच्या लेखणीतूनही उतरला.

कादंबरीनंतर काही वर्षांतच प्रत्यक्ष लंडनमध्ये याच विषयावर मोठा संघर्ष पेटला. लीझी लिंड आफ हागेबी आणि लायसा शारटाऊ या दोन स्वीडिश स्त्रियांनी १९०३ साली युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये विल्यम बेलिस यांनी एका तपकिरी कुत्र्यावर केलेले प्रात्यक्षिक पाहिले आणि त्या कुत्र्याला पुरेशी भूल दिलेली नव्हती असा आरोप आपल्या पुस्तकात केला. बेलिस यांनी अब्रुनुकसानीचा खटला जिंकला, परंतु १९०६ साली बॅटरसी येथे त्या कुत्र्याचे स्मारक उभे राहिले. डिसेंबर १९०७ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांनी त्याविरुद्ध दंगली केल्या, स्त्रियांच्या मताधिकारासाठी भरलेल्या सभाही त्यांनी उधळल्या आणि अखेर १९१० साली ते स्मारक हलवण्यात आले. कोरल लान्सबरी या अभ्यासिकेने १९८५ साली दाखवून दिले की, टेबलाला पट्ट्यांनी जखडलेल्या प्राण्याच्या चित्रात त्या काळच्या अनेक स्त्रियांना स्वतःचाच देह दिसत होता. या वादात विज्ञानाची बाजू पोकळ होती असे म्हणता येणार नाही, कारण बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी १९०२ साली कुत्र्यांवरील प्रयोगांतूनच ‘सिक्रेटिन’ या संप्रेरकाचा शोध लावला होता आणि पुढे मधुमेहावरील इन्सुलिनही अशाच प्रयोगांतून हाती आले. ज्ञान खरे होते आणि वेदनाही खरी होती. कोणत्या देहाने त्याची किंमत मोजावी हे ठरवण्याचा अधिकार कोणाला, हाच खरा कळीचा मुद्दा होता.

हत्तीचा मेंदू

एकोणिसाव्या शतकातच मेंदूचे वजन आणि कवटीचे आकारमान मोजून बुद्धीची प्रतवारी लावणारे एक शास्त्र युरोपात बहरले होते. फ्रेंच लेखक गुस्ताव्ह ल बाँ यांनी १८७९ साली असे विधान केले की, पुष्कळ स्त्रियांचे मेंदू आकाराने पुरुषांच्या प्रगत मेंदूपेक्षा गोरिलाच्या मेंदूला अधिक जवळचे असतात. या दाव्याचे सर्वांत नेमके उत्तर एका बंगाली लेखिकेने विज्ञानकथेतून दिले. रुकय्या सखावत हुसैन यांची ‘सुलतानाज ड्रीम’ ही इंग्रजी कथा १९०५ साली मद्रासच्या ‘इंडियन लेडीज मॅगझिन’मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यातील नारीदेशात पुरुष पडद्याआड आहेत, आणि स्त्रियांची विद्यापीठे सूर्याची उष्णता साठवतात व ढगांतून पाणी उतरवून घेतात. पुरुष बलवान आहेत या युक्तिवादाला त्या कथेतील वाटाड्या स्त्री असे उत्तर देते की, सिंह माणसाहून बलवान असूनही माणसावर राज्य करीत नाही. आणि पुरुषांचा मेंदू जड असतो या युक्तिवादाला ती हत्तीचे उदाहरण देते, कारण हत्तीचा मेंदू माणसाहून कितीतरी जड असूनही माणूसच त्याला साखळदंडात बांधतो. रुकय्या यांनी प्रतिपक्षाचे मोजमाप नाकारण्याऐवजी ते तसेच्या तसे स्वीकारून प्राण्यांना लावून दाखवले, आणि त्या क्षणी त्या मोजमापातील विसंगती उघडी पडली. बाजारात हिंस्र पशू शिरला तर कोंडायचे कोणाला, पशूला की बाजारात आलेल्या निरुपद्रवी लोकांना, हा त्यांचा प्रश्न पडदापद्धतीच्या मुळावरच घाव घालणारा होता. पुढे त्यांनी भागलपूर आणि कलकत्ता येथे मुलींची शाळा चालवली, हे लक्षात घेता ही कथा त्यांच्या कार्याचीच पूर्वपीठिका ठरते.

टोपणनावाआडची शास्त्रज्ञ

विसाव्या शतकात या विषयाला सर्वांत धारदार रूप दिले ते ॲलिस शेल्डन यांनी, ज्या १९६८ पासून ‘जेम्स टिपट्री ज्युनिअर’ या पुरुषी टोपणनावाने लिहीत होत्या. १९१५ साली जन्मलेल्या शेल्डन वयाच्या सातव्या वर्षाच्या आसपास आईवडिलांसोबत मध्य आफ्रिकेत गेल्या होत्या. कार्ल एकली यांच्या नेतृत्वाखालील त्या मोहिमेचा हेतू न्यूयॉर्कच्या संग्रहालयासाठी डोंगरी गोरिला मारून आणणे हा होता. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी लष्करात हवाई छायाचित्रांच्या विश्लेषणाचे काम केले आणि पन्नाशी ओलांडल्यावर, १९६७ साली, प्रायोगिक मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवली. त्यांच्या लेखनशैलीत अस्सल पुरुषी गुण असल्याची ग्वाही रॉबर्ट सिल्व्हरबर्ग यांच्यासारख्या नामवंत लेखकाने १९७५ साली एका प्रस्तावनेत दिली, आणि त्यानंतर दोनेक वर्षांतच हा लेखक स्त्री असल्याचे उघड झाले. शैलीला लिंग असते हा समज त्या एका घटनेने जितका ढासळला तितका तो कोणत्याही समीक्षालेखाने ढासळला नसता.

१९७६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका कथेचा नायक हा उंदरांशी निर्दयपणे वागण्यास तयार नसलेला तरुण मानसशास्त्रज्ञ आहे. त्याच्या विभागाला आकड्यांत मांडता येतील असे झटपट निष्कर्ष हवे आहेत, आणि त्याला मात्र उंदरांना त्यांच्या कलाने वागू देऊन पाहायचे आहे. या हळवेपणाकडे सहकारी पौरुषाचा अभाव म्हणून पाहतात, नोकरी आणि अनुदान यांची टांगती तलवार त्याच्यावर असते, आणि एका विलक्षण रात्रीच्या अनुभवानंतर तो बदलतो. दुसऱ्या दिवशी त्याच्या मनातला संकोच नाहीसा झालेला असतो आणि वेदनादायक प्रयोगांच्या योजना त्याला सुचू लागतात. कथेतील भयानकता ही अशी आहे की, व्यवस्थेच्या दृष्टीने तो आता कुठे खरा शास्त्रज्ञ झालेला असतो. सहानुभूती ही निरीक्षणाची एक पद्धत असू शकते हे विज्ञानाला मान्य नसेल, तर तिची हकालपट्टी संशोधकाच्या मनातून करावी लागते आणि त्यासाठी पुरुषत्वाची कल्पना हाताशी धरली जाते, असे शेल्डन यांना दाखवायचे होते.

१९७७ सालच्या ‘द स्क्रूफ्लाय सोल्यूशन’ या कथेत त्यांनी संपूर्ण मानवजातीलाच प्रयोगाच्या टेबलावर ठेवले. कथेचा आधार खऱ्या कीटकशास्त्राचा आहे. स्क्रूवर्म ही माशी गुरांच्या जखमांत अंडी घालते आणि तिच्या अळ्या जिवंत मांस खातात. मादी आयुष्यात साधारणतः एकदाच समागम करते, या तिच्या नाजूक दुव्याचा उपयोग करून अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ एडवर्ड निप्लिंग आणि त्यांचे सहकारी यांनी किरणोत्सर्गाने वंध्य केलेले नर मोठ्या संख्येने सोडण्याची पद्धत शोधली आणि १९५४ साली कुरासाव बेटावरून त्या माशीचे उच्चाटन केले. शेल्डन यांच्या कथेत पुरुषांची कामेच्छा हिंसेत रूपांतरित होऊ लागते, ते स्त्रियांची हत्या करू लागतात, त्या हत्यांना धर्माचे समर्थन शोधतात, आणि अखेर उलगडते की परग्रहावरील कोणीतरी पृथ्वी मोकळी करून घेण्यासाठी माणसाच्या प्रजननचक्रातील नाजूक दुव्यावर बोट ठेवलेले आहे. कीटकनियंत्रणात गुंतलेला शास्त्रज्ञ या कथेत स्वतःच कीटकाच्या जागी येतो. कथा वाचून होते तेव्हा वाचकाला सर्वाधिक अस्वस्थ करणारी गोष्ट परग्रहवासी ही नसते. स्त्रियांच्या हत्येची बातमी सुरुवातीला समाजाला किती नेहमीचीच वाटते, ही असते.

निरीक्षकाची जागा

याच दशकांत प्रत्यक्ष विज्ञानातही माणसाच्या सर्वांत जवळच्या नातलगांचा, म्हणजे नरवानर गणातील प्राण्यांचा अभ्यास बदलत होता. जेन गुडॉल यांनी १९६० साली टांझानियातील गोंबे येथे चिंपांझींचे निरीक्षण सुरू केले, त्यांना क्रमांकांऐवजी नावे दिली आणि त्याबद्दल टीका सोसली. त्याच वर्षी त्यांना एक चिंपांझी काडी तासून वारुळातून वाळवी काढताना दिसला आणि हत्यारे बनवणारा एकमेव प्राणी ही माणसाची जुनी व्याख्या कोसळली. भारतातील एक उदाहरण याहून अधिक बोलके आहे. धारवाडजवळच्या लंगूर वानरांमध्ये नर पिल्लांना मारतात असे जपानी शास्त्रज्ञ युकिमारू सुगियामा यांनी १९६० च्या दशकात नोंदवले होते. अमेरिकी संशोधिका सारा ब्लॅफर हर्डी यांनी राजस्थानातील अबू येथे १९७१ पासून याच जातीचा अभ्यास केला आणि १९७७ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. टोळी बळकावणारा नवा नर आधीच्या नराची पिल्ले मारतो असा निष्कर्ष त्यांनी काढला, परंतु तेवढ्यावर न थांबता त्यांनी माद्या काय करतात हेही पाहिले. माद्या एकजुटीने पिल्लांचे रक्षण करतात, अनेक नरांशी समागम करून पितृत्वाविषयी संभ्रम ठेवतात आणि आपापसांत स्पर्धाही करतात, असे त्यांना आढळले. तोवरच्या सिद्धान्तांत मादी ही नरांच्या संघर्षातील निश्चल बक्षीस होती. निरीक्षकाने वेगळा प्रश्न विचारताच तीच मादी डावपेच आखणारी सक्रिय प्राणी म्हणून समोर आली.

डॉना हॅरवे यांनी १९८९ सालच्या ‘प्रायमेट व्हिजन्स’ या ग्रंथात या संपूर्ण शास्त्राचा इतिहास लिंगभाव, वंश आणि निसर्ग यांच्या संदर्भात तपासला आणि त्याचा शेवट विज्ञानकथेच्या वाचनाने केला, कारण वानरांविषयीच्या शास्त्रीय कथनातही माणूस म्हणजे कोण याच्या कल्पित उगमकथा दडलेल्या असतात असे त्यांचे म्हणणे होते. कॅरन जॉय फाउलर यांनी २००२ साली ‘व्हॉट आय डिडन्ट सी’ या कथेत शेल्डन यांच्या बालपणीच्या आफ्रिकी मोहिमेची आठवण करून देणारी गोरिलांची शिकार रंगवली. त्या कथेतील मोहिमेचा प्रमुख गोरिलांना वाचवण्यासाठी एक अजब युक्ती योजतो: गोरिला एखाद्या स्त्रीच्या हातून मारला गेला तर त्या शिकारीतली मर्दुमकी संपेल आणि पुरुष ती सोडून देतील. गोरिलाचे रक्षण करण्यासाठीही ज्या हिशेबाचा आधार घ्यावा लागतो तो स्त्रीला दुय्यम मानणारा हिशेब असतो, हे एवढ्या एका कल्पनेतून फाउलर यांनी दाखवले.

पिंजऱ्याच्या आतून

ऑक्टेव्हिया बटलर यांच्या १९८७ सालच्या ‘डॉन’ या कादंबरीत ही सीमा पिंजऱ्याच्या आतून दिसते. अणुयुद्धानंतर अडीचशे वर्षांनी लिलिथ इयापो ही कृष्णवर्णीय स्त्री ओअनकाली नावाच्या परग्रहवासीयांच्या यानात जागी होते. त्यांच्यात नर, मादी आणि ‘ऊलोई’ अशी तीन लिंगे असून, इतर जीवांच्या जनुकांशी आपल्या जनुकांची देवघेव करीत जगणे हा त्यांचा स्वभावधर्म आहे. त्यांनी नामशेष होऊ घातलेल्या माणसांना वाचवले आहे, लिलिथचा कर्करोग तिला न विचारता बरा केला आहे, आणि आता त्यांना माणसांशी संकर करून नवी प्रजा हवी आहे. माणसेही प्रयोगशाळेत आणि प्राणिसंग्रहालयात प्राण्यांना त्यांच्याच भल्यासाठी असेच वागवत आली, हे लिलिथला कळते. तिला कोणी छळत नाही, उलट तिची काळजी घेतली जाते. तरी होकार किंवा नकार देण्याचा अधिकार तिच्याकडे नसतो. व्हिक्टर फ्रँकेनस्टाइनला जी भीती वाटली, तीच येथे त्या स्त्रीच्या बाजूने सांगितली जाते, कारण करार इतरांनी केलेला असतो आणि प्रजा मात्र तिच्या पोटी जन्मणार असते. गुलामगिरीच्या काळात कृष्णवर्णीय स्त्रियांच्या देहावर मालकांचा असाच ताबा होता, हा संदर्भ बटलर यांच्या वाचकाला वेगळा सांगावा लागत नाही.

कालक्रमाने याच्या आधीची, परंतु विचाराने याच्याही पुढे गेलेली एक कथा अर्सुला के. ल ग्विन यांनी १९७४ साली लिहिली. ती प्राण्यांच्या भाषांचा अभ्यास करणाऱ्या एका काल्पनिक विद्वत्संस्थेच्या नियतकालिकातील उताऱ्यांच्या रूपात आहे. वारुळातील एका अरुंद बोगद्याच्या टोकाशी बाभळीच्या बियांवर एका मुंगीने ग्रंथींच्या स्रावाने लिहिलेला मजकूर संशोधकांना सापडतो. जवळच तिचे मृत शरीर असते आणि तिला एका सैनिक मुंगीने ठार केलेले असते. मजकुराच्या शेवटी राणीला ‘वर’ नेण्याची घोषणा असते आणि माणसांना ती जयजयकाराची वाटते, कारण माणसाच्या भाषेत वर म्हणजे श्रेष्ठ. जमिनीखाली जगणाऱ्या मुंगीसाठी मात्र ‘वर’ म्हणजे तळपते ऊन, रात्रीची थंडी, निवाऱ्याचा अभाव आणि हद्दपारी. आणि मग तीच घोषणा बंडाची ठरते.

कॅव्हेंडिश यांच्या अस्वलमानवांपासून या मुंगीपर्यंत तीन शतकांहून अधिक अंतर आहे, आणि या अंतरात विज्ञानकथेने एकच काम चिकाटीने केलेले दिसते: शिडीच्या वरच्या पायरीवरून ओढलेली रेघ खालच्या पायरीवरून कशी दिसते हे तिने सांगितले. ल बाँ यांना गोरिला आणि स्त्री एका पायरीवर दिसल्या, कारण पायऱ्या मोजणारे ते स्वतः सर्वांत वर उभे होते. हर्डी यांना अबूच्या डोंगरावर त्याच नात्यातल्या माद्या वेगळ्या दिसल्या, कारण त्यांनी शिडी बाजूला ठेवून त्या माद्यांसाठी काय हिताचे आणि काय धोक्याचे हे आधी विचारले. ज्याला मुंगीची भाषा वाचायची असेल त्याने वर आणि खाली या आपल्या शब्दांचे अर्थ आधी तपासले पाहिजेत, आणि ज्या विज्ञानाने माणसाला ‘शहाणा’ म्हटले त्याच्या शहाणपणाची परीक्षा आजही नेमकी याच ठिकाणी होते.